आधी पाणी, मग सांगावा

बा, मागच्या माघात तुझी धाकटी बहीण वारली, अशी बातमी आली. कुणी घरी येऊन सांगितली नाही. जव्हारला मी राहते त्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते, रविवार होता, हातात ओली चादर होती, आणि कठड्यावर ठेवलेला मोबाइल वाजला. पाहिलं तर आपल्या घरच्या ग्रुपवर फुईचा फोटो. खाली एक अक्षर नाही. नर्सच्या नोकरीत इतकी वर्षं काढून मी चारचौघांत आत्या म्हणायला शिकले, पण ती माझी फुईच. फोटोत ती वांगणीच्या घराच्या ओट्यावर ताठ बसली होती, पदर नीट घेतलेला, हात मांडीवर, नजर समोर. मी चादर तशीच पिळत उभी राहिले. पाणी माझ्याच पायांवर पडतंय हे कळायलाही वेळ लागला.

तुला हे सगळं कसं समजावू? तू गेलास तेव्हा खोडाळ्याच्या बाजारात नाणं टाकून बोलायचा लाल डबा नुकता आला होता. तू त्यात तोंड घालून माझ्या भावाशी असा ओरडून बोलायचास, की ठाण्यात त्याला ऐकू जायला मधल्या तारेची गरजच नव्हती. आता प्रत्येकाच्या खिशात तसा डबा आहे. त्यात फोटो येतात, बोलणं येतं, आणि ग्रुप नावाचा एक प्रकार आहे. असं समज, आपला सगळा गोतावळा एकाच ओट्यावर बसला आहे, पण जो तो आपापल्या घरी. कुणी उठून जात नाही, कुणी येतही नाही, आणि बडबड रात्रंदिवस चालू. या ओट्यावर बारशाचे फोटो येतात, हार घातलेल्या नव्या मोटारसायकलीचे येतात, शेळीला करडू झालं तर त्याचाही येतो. म्हाताऱ्या माणसाचा मात्र आयुष्यात एकदाच येतो. एकट्या म्हातारीचा नुसता फोटो आला की काय झालं असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. माझी चादर दोरीवर पडेपर्यंत भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली होती. ठाण्याहून भावानं लिहिलं, नाशिकहून चुलत बहिणीनं लिहिलं, ज्यांना फुईनं अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनी लिहिलं, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही त्या त्यांच्या बायकांनी लिहिलं. मीही लिहिलं. 'भा' म्हणताच पुढचे दोन शब्द मोबाइलनंच सुचवले, मी फक्त अंगठा टेकवला. फुईचं ऋण तेवढ्यात फिटलं.

मग कुणीतरी विचारलं, माती कधी? उत्तर कोण देणार? फोटो फुईच्या सुनेच्या मोबाइलवरून आला होता, तिला लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फुईचा मुलगा वसईला बांधकामावर, त्याचा फोन आधी गुंतलेला, नंतर बंद. अर्ध्या तासात ओट्यावरच्या माणसांनी आपसात ठरवूनही टाकलं, की आता पोचणं काही होत नाही, दहाव्याला जाऊ. भावानं हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याच्या खाली लगेच कुणीतरी सकाळी चुकून राहिलेलं सुप्रभात टाकलं, गुलाबाच्या फुलासकट. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि मला तू आठवलास. नुसता आठवला नाहीस, दारात काठी टेकवून उभा राहिलास.

सांगावा न्यायचा तर तूच, हे आपल्या पाड्यात ठरलेलं. लग्नाचा सांगावा कुणीही नेई, नाचत नेई. मयताचा मात्र तुझ्याकडे यायचा. नागलीची कापणी अर्धी टाकून तू उठायचास, डोक्याला फडकं, हातात काठी, की निघालास. एकदा मी हट्ट करून मागे लागले आणि तू नेलंस मला. पाड्यातला एक डोकरा सकाळी गेला होता, आणि त्याची लेक खोडाळ्याच्या खाली दिली होती. तू वाटभर एक शब्द बोलला नाहीस. पाड्याच्या अलीकडे ओहोळावर पाय धुतलेस, माझेही धुतलेस, आणि तिच्या दारात जाऊन नुसतं म्हणालास, "पानी दे बाय." ती पाणी घेऊन आली, तू प्यालास, आणि लोटा तिच्यापुढे धरून म्हणालास, "तू पन पी." ती प्याली. मग तू सांगितलंस, "तुझ्या बाला जरा जास्त झालंय, चल." ती तशीच निघाली. ओहोळ ओलांडताना तू म्हणालास, भगत येऊन गेला. चढावर म्हणालास, आता बोलत नाही. माळावर आल्यावर म्हणालास, डोळे उघडत नाही. आपला पाडा दिसायला लागला तशी ती थांबली आणि तिनंच विचारलं, "गेला ना?" तू म्हणालास, "हां बाय." आणि तिचा हात धरलास. ती पडली नाही. उरलेली वाट ती रडत चालली, पण स्वतःच्या पायांवर चालली.

तिला पोचवून आपण आपल्या घराकडे वळलो तेव्हा मी तुला विचारलं, तू खोटं का बोललास, डोकरा तर सकाळीच मेला होता. तू रागावलास. तू क्वचित रागवायचास, म्हणून लक्षात आहे. "खोटं कठं बोललू? अख्खी भाकर एका घासात कोन गिलतो गं? दुखाचं पन तसंच. मोडून मोडून द्यावं." थोडं चालून पुन्हा म्हणालास, "सांगावा पायानं जातो. तोंड मागनं जातं." मी तेव्हा लहान, मला त्यातलं काय कळणार? मला त्या दिवशी एवढंच कळलं, की आजूबाजूच्या पाड्यांतल्या बाया तुला लांबून येताना पाहिलं की हातातलं काम टाकून उभ्या का राहतात. तू दारात येऊन पाणी मागितलंस की त्या आधी विचारायच्या, कोण गेलं? नुसतीच तहान लागली असली तरी तुला आडवाटेच्या पाड्यात कुणाकडे पाणी मागायची सोय राहिली नव्हती. हे तूच हसत सांगायचास.

तर मी निघाले. जव्हारच्या बाजारात आधी लुगडं घेतलं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. फुईचं माहेर म्हणजे तू, तू नाहीस म्हणजे भाऊ, आणि भाऊ दहाव्याला येणार, म्हणजे मी. दुकानदारानं विचारलं कोणता रंग दाखवू, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, जांभळा. भाऊबीजेला तू दर वर्षी तिच्यासाठी लुगडं न्यायचास आणि दर वर्षी हिरवं न्यायचास. ती दर वर्षी म्हणायची, भाऊ, पुढल्या साली जांभळं आन. तू हो म्हणायचास. बाजारात गेल्यावर मात्र तुला हिरव्याशिवाय रंग दिसायचा नाही. "बाईमानसाला हिरवं शोभतं," एवढंच तुझं शास्त्र. दुकानदारानं घडी उलगडायला घेतली तशी मी म्हटलं, राहू द्या, तसंच बांधा. मयताच्या वस्त्राचा भाव करू नये, पोत पाहू नये. तो समजला. त्यानं कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी दिलं.

वावर गावाला जाणाऱ्या जीपमध्ये पुढची जागा मिळाली. ड्रायव्हर ओळखीचा, म्हणाला, "सिस्टर, आज सुट्टीच्या दिवशी कुठं?" मी सांगितलं मयताला, तशी त्यानं लावलेलं गाणं बंद केलं. थोडा वेळच. मग जो तो आपल्या मोबाइलकडे वळला. माझ्या शेजारी एक तरुण बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. तिनं मोबाइल पोरासमोर धरला. पलीकडे वीटभट्टीवरचा तिचा नवरा, तोंडाला माती, मागे विटांची रास. "बघ, दात आला, दात!" ती ओरडली आणि पोराचा ओठ बोटानं वर केला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "परत दाव." वळणावर रेंज गेली आणि त्याचं तोंड अर्धं हसतं तसंच अडकून बसलं. बा, आई दिवाळीनंतर भट्टीवर जायची तेव्हा मी आजीपाशी असायचे. शिमग्याला आई परत आली तर मी तिला ओळखलंच नाही, आजीच्या पाठीमागे लपले. हे आई मरेपर्यंत विसरली नाही. तिच्या हातात तेव्हा असं काही असतं तर? म्हणून मी या यंत्राला उठसूट शिव्या घालणाऱ्यांतली नाही. गेल्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तेव्हा एका बाळंतिणीला डोलीत घालून माणसं ओढ्यापर्यंत आली. मी टेपाडावर चढून ग्रुपवर चार शब्द टाकले, आणि पलीकडच्या काठाला जीप येऊन उभी राहिली. मायलेकरं सुखरूप आहेत. आपल्या पाड्यातल्या बाया नागलीचे पापड फोटो दाखवून थेट ठाण्याला विकतात. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पापड फोटोत कुरकुरीत लागतो का?

पण दुसरी बाजू मी तुझ्यापासून लपवणार नाही. चुलत्याच्या दोन्ही मुलांचं बोलणं बंद आहे. बोहाड्याच्या उत्सवात एकानं मुखवटा बांधून सोंग नाचवलं, त्याचं चलत्‌चित्र दुसऱ्यानं टाकलं, त्याखाली कुणाच्या तरी बायकोनं काहीतरी खोचक लिहिलं, आणि एका बांधाचे दोन भाऊ एकमेकांचं पाणी पीत नाहीत. समोरासमोर बोलले असते तर तोंडं बघून गप्प बसले असते. आमच्या आरोग्य उपकेंद्रात एक गृहस्थ यायचे, त्यांनी कुणीतरी पुढे ढकललेला मजकूर वाचून साखरेच्या गोळ्या सोडल्या आणि कसलासा काढा प्यायला लागले. पाय सुजून आले तेव्हा मी त्यांच्यावर अशी ओरडले, की बाहेरच्या बाया पळाल्या. आणि माझं स्वतःचंच बघ. भावानं हॉटेलात काय खाल्लं ते मला ताटासकट माहीत असतं. त्याला गुडघ्यानं जिना चढवत नाही हे मात्र मला वर्षानं कळलं, तेही त्याच्या शेजाऱ्याकडून. फुईचं काय? तिचा फोटो नाही म्हणून ती माझ्या दिवसात नव्हती. वांगणी काही परदेश नाही. तरी मी किती वर्षांत गेले नव्हते ते मला जीपमध्ये आठवेना. लाज वाटली.

वावरच्या पुढं रस्ता खचलेला होता, म्हणून पायी निघाले. ऊन सोसवणारं होतं, पण वाट संपेना. मी कान देऊन चालत होते. मयताच्या घराचं रडणं लांबून ऐकू येतं, तूच शिकवलं होतंस, की रडणं ऐकू आलं की चालणं हळू करावं. काहीच ऐकू येईना. मला वाटलं, माती उरकली, आपण उशिरा आलो. मग फुईचं घर दिसलं. छपरातून धूर निघत होता. अंगणात उन्हाला पाठ करून कुणीतरी बसलं होतं आणि सुपात नागली पाखडत होतं. सूप वर जायचं, खाली यायचं, फोल उडायचं. आपल्या घराण्यात एवढ्या हिसक्यानं सूप एकच बाई मारते.

"आलीस बाय!" ती सूप खाली न ठेवताच म्हणाली. "पोचला म्हंजे फोटू!"

बा, मी अंगणातच बसले आणि ओंजळीत तोंड घालून रडले. फुई उठून आली, नागलीच्या भुश्यानं माखलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवू लागली. तिला वाटलं, एवढ्या वर्षांनी भेटले म्हणून रडते. "रडू नको गं. आलीस ना? मी सुनेला बोलले, माझा फोटू काढ आन भावाच्या पोरांना धाड. मला बघतील, म्हंजे येतील. ती बोलली, कोन येतं फोटूवरनं? मी बोलले, धाड तर खरं!" सून दारात उभी होती, हात पिठानं माखलेले. मी तिला घरामागे नेऊन हळूच सांगितलं. ती पांढरी पडली. बिचारीला लिहायचा कंटाळा नव्हता, लिहायचं काय हेच सुचलं नव्हतं. फोटोत डोकरी दिसतेच आहे, अजून काय सांगायचं? टेपाडावरच्या मोहाच्या झाडाखाली तेवढी रेंज येते, तिथं जाऊन तिनं तो पाठवला, आणि बॅटरी उतरली म्हणून खाली आली. खाली ती भाकरी थापत होती आणि वर आभाळात तिच्या सासूला श्रद्धांजली वाहिली जात होती. "आता आत्याबाईला काय सांगू?" ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, काही सांगू नको.

मी टेपाडावर चढले. मोहाखाली गेल्याबरोबर मोबाइल जो वाजायला लागला तो थांबेना, जिवंत बाईच्या नावानं फुलं, समया, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मी लिहिलं, फुई जिवंत आहे, बरी आहे, तुम्हा सगळ्यांची वाट बघते आहे. सुचवलेले शब्द यात कामाला आले नाहीत, सगळं मलाच लिहावं लागलं. ओट्यावरच्या समया विझल्या. मग हसणारी तोंडं आली, अभिनंदन आलं, कुणीतरी लिहिलं, आयुष्य वाढलं, आणि कुणीतरी सुनेच्या अकलेवर विनोद केला. वाट बघते आहे हे वाचलं सगळ्यांनी, उत्तर कुणी दिलं नाही. तेवढ्यात भावाचा फोन आला. "म्हणजे गेली नाही?" मी म्हटलं, नाही रे. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्याच्या रडण्याचा आवाज आला. "मी दहाव्याला येतो असं लिहिलं होतं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, दहाव्याला नको, आधीच ये.

फोन ठेवते तोच टेपाडाच्या पलीकडून घराकडे येणाऱ्या आडवाटेनं कुणीतरी धावत चढताना दिसलं. फुईचा मुलगा. वसईहून मिळेल त्या गाडीनं आला होता, अंगावर सिमेंटचा सदरा, ओठ सुकलेले. त्याच्या मोबाइलचा जीव वाटेतच गेला होता, म्हणजे त्याला माझा निरोप कळलेला नव्हता. तो मला पाहून थांबला. त्याला काय सांगायचं ते मला पाठ होतं, आनंदाचंच होतं. पण तो इतका धापा टाकत होता, की मी पिशवीतली बाटली पुढे केली आणि म्हटलं, "आधी पाणी पी."

झालं! त्यानं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. कपाळावर हात मारून घ्यायला लागला. मी त्याचे हात धरले. "अरे, ती जिवंत आहे! बरी आहे!"

"मना फसवू नको गं," तो हुंदके देत म्हणाला. "मामा पन असाच बोलायचा. आधी पानी पाजायचा, मंग बोलायचा, बरी हाय, चल."

बा, तुझ्या त्या कसबानं मला पुरतं अडकवलं. मी म्हटलं ती नागली पाखडते आहे, तो आणखी रडला. मी म्हटलं ती बोलली माझ्याशी, तो म्हणाला, "हां, आन आता चढावर सांगशील, बोलत नाय." मी शपथ घेतली, तर शपथेनं तर त्याची खात्रीच पटली. एका जिवंत बाईला जिवंत ठरवण्यासाठी मला एवढे कष्ट पडले, की मला हसू फुटलं, आणि माझं हसणं पाहून तो घाबरला, हिला दुःखानं वेड लागलं म्हणून. शेवटी खालून आवाज आला. फुई सुनेवर ओरडत होती, कोंबड्या नागलीत शिरल्या, डोलं कठं गेलं तुझं! आवाज टेपाडावर स्पष्ट आला. तो उठून उभा राहिला. त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली आणि सगळं पाणी एका दमात प्याला.

अंगणात तो आईच्या पायाशी जाऊन बसला. ती म्हणाली, "काम सोडून आलास? मुकादम हाकलील ना!" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "फोटू पाहिला. आठवन आली." फुईनं सूप बाजूला सारलं. तिनं त्याच्या सदऱ्यावरचं सुकलेलं सिमेंट नखानं खरवडायला सुरुवात केली आणि कितीतरी वेळ तेच करत राहिली. "एका फोटूनं एवढं झालं," ती म्हणाली. "आधीच काढाया हवा हुता." सून चुलीकडे तोंड फिरवून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला तेव्हा वाटलं, हे यंत्र वाईट की चांगलं याचा निकाल मला कधी लावता येणार नाही. ज्या फोटोनं घराघरांतून माणसं अंगठा टेकवून मोकळी झाली, त्याच फोटोनं हा मुलगा धावत आणला आणि मला तुझ्या वाटेवर चालायला लावलं.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण होतं. मी पिशवीतून रुमाल काढताना कागदाचं पुडकं बाहेर आलं. फुईची नजर म्हातारपणी अधू झालेली नाही. "त्यात काय?" मी दचकले. मयताला म्हणून घेतलेलं वस्त्र जित्या माणसाच्या अंगाला लावू नये म्हणतात. मी ते परत पिशवीत ढकलत होते, पण तिनं ओढून घेतलं आणि कागद फाडला. जांभळं लुगडं तिच्या मांडीवर उलगडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. "जांभलं," ती म्हणाली. "भावानं कधी आनलं नाय. सदा हिरवं. तुला कोनी सांगितलं, मना जांभलं हवं?" मी म्हटलं, बा सांगायचा. हे खोटं होतं, तू कधी काही सांगितलं नाहीस. पण ती हरखली, तू निदान लक्षात तरी ठेवलं होतंस म्हणून. तेव्हा तुझ्यावतीनं मी हे बोलले ते तू सांभाळून घे. ती आत जाऊन नेसून आली आणि ओट्यावर ताठ बसली, अगदी फोटोतल्यासारखी. "काढ आता परत," ती सुनेला म्हणाली. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, नको!

पुढच्या रविवारी भाऊ आला, बायकापोरांसकट, गुडघ्याला पट्टा बांधून. वाट उतरताना दोनदा बसला, पण आला. नाशिकची बहीण महिन्यानं आली. बाकीचे येतो म्हणाले आहेत, आणि म्हणत राहतील. ओट्यावर एक नवी रीत मात्र सुरू झाली आहे. सून दर आठवड्याला टेपाडावर जाते आणि फुईचा फोटो टाकते, खाली न चुकता लिहिते, जेवली, बरी आहे. तिचं पाहून आता इतरही आपापल्या म्हाताऱ्यांचे टाकायला लागले आहेत, कुणी दात नसलेलं हसताना, कुणी विडी ओढताना पकडलेलं. मला ते सकाळच्या गुलाबांपेक्षा फार आवडतं. तुझा एकच फोटो आहे, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, त्यात तू चोरासारखा दिसतोस. मी तो ग्रुपवर टाकलेला नाही. तुला बघायला कोण येणार, आणि आलं तरी तू कुठं भेटणार?

मी सुट्टी मिळाली की वांगणीला जाते. फुई प्रत्येक सणाला तेच लुगडं नेसते, पाड्यात सगळ्यांना दाखवते, भाचीनं फोटू बघून धावत येताना आनलं म्हणून. गेल्या खेपेला भाकरी मोडता मोडता मला म्हणाली, "बाय, मी जाईन तवा मना हेच नेसवा. दुसरं घेऊ नका. माहेरचं हाय." मी हातातला घास ताटात ठेवला. मी हो म्हटलं. उठले, माठातलं पाणी लोट्यात घेतलं आणि तिला दिलं, ती प्याली, मग उरलेलं मी प्याले. ते लुगडं मी कशासाठी घेतलं होतं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, बा. पाणी तेवढं पाजून ठेवलंय.